बक्षीस, फेलोशिप आणि वेळेवर आलेला पैसा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. ज्ञातीची मंडळे, पतपेढ्या, सोसायट्या, राजकीय पक्ष, सगळे गुणवंतांना बोलावतात. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, पाचशे एकाचे पाकीट आणि पाहुण्यांचे पाऊण तासाचे भाषण. मुलगा हसून फोटो काढून घेतो. कौतुकाला माझी हरकत नाही, कौतुकाने अंगावर मूठभर मांस चढते. पण आयुष्य शाळेत काढल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे. विद्येसाठी कोणी पैसा काढून ठेवला की तीन प्रश्न विचारावेत. निवड कोण करतो? पैसा केव्हा मिळतो? आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ही बातमी कोण पोचवतो?

हे प्रश्न नवे नाहीत. आपल्या पुण्यातच त्यांचा मोठा इतिहास आहे. विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा देण्याची प्रथा खंडेराव दाभाड्यांनी तळेगावला सुरू केली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली. आरंभी पाहिली जात होती ती विद्वत्ता, नंतर नंतर मात्र विद्येपेक्षा गर्दी वाढली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. लोक दुखावतील ही धास्ती होतीच. त्या निधीच्या आधारावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तिथे आहे.

पुढे १८४९ साली लोकहितवादी आणि इतर सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की या पैशातला काही भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली. त्या वेळी जोतीराव फुल्यांनी आपले साथीदार घेऊन अर्जदारांना पाठबळ दिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. श्रावणातले दान आता पुस्तकांचे बक्षीस झाले. केवढा मोठा बदल! मराठी गद्य अजून रांगत होते, त्या काळात अनेकांनी या बक्षिसाच्या आशेने लेखणी उचलली.

आता पहिला प्रश्न. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि याच कमिटीकडे पाठवले. भोळे कुणबी जोडपे, त्यांना ग्रहदशेची भीती घालून नाडणारा जोशी आणि शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला निघालेले नवराबायको. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे लिहिले आहे. ते नाटक छापून लोकांच्या हाती यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ज्या निधीच्या बदलासाठी हा माणूस उभा राहिला, त्याच निधीच्या दारातून त्याचे लेखन परत आले. एकाच घरातले चार जण निवडायला बसले की त्यांना आपल्या अंगणापलीकडचे झाड दिसत नाही. त्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही, पण दिसत नाही हे खरे. म्हणून निवड समितीत कोण बसले आहे ते आधी पाहावे, बक्षिसाची रक्कम नंतर.

दुसरा प्रश्न वेळेचा. बक्षीस काम झाल्यावर मिळते, फेलोशिप काम करता यावे म्हणून मिळते. याच दक्षिणा निधीतून पुढे कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. कॉलेजातच राहायचे, पुढचा अभ्यास करायचा, खालच्या वर्गांना शिकवायचे आणि त्याबद्दल दरमहा वेतन घ्यायचे. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. हे दोघेही दक्षिणा फेलो झाले. हाताशी दरमहा पैसे असल्यामुळे वाचायला सवड मिळाली, त्या सवडीचे पीक आपण अजून खातो आहोत. पदवीनंतर लगेच पोटामागे धावावे लागले असते तर? विचार करून पाहा.

तिसरा प्रश्न मला शिक्षक म्हणून सर्वांत जवळचा. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पण गुरुजी सत्कारावर थांबले नाहीत. पुढे पैशांअभावी शिक्षण अडणार असे दिसताच त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले. तिला दहा वर्षे नोकरीची अट होती. मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा जायला १९२० उजाडले, तेही स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. दान किती मोलाचे होते आणि मुदतीची कात्री किती धारदार असते, दोन्ही यात दिसते.

गुण ओळखणारे पुष्कळ असतात. अर्ज हातात घेऊन दारापर्यंत नेणारा केळुसकर विरळा. आमच्या वेळी चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपला बसवायची मुले शिक्षक हेरून ठेवत, संध्याकाळी जादा तास घेत. आता आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षेची शिष्यवृत्ती आहे, नववी ते बारावी दरमहा हजार रुपये. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. पण उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे खाते, नावाच्या स्पेलिंगमधला फरक, या वाटेत कितीतरी पोरे गळतात. हुशारीत कमी नसतात, तहसीलच्या खेपांत बापाची मजुरी बुडते म्हणून गळतात. अशा मुलांची नावे कुठल्याच यादीत नसतात, त्यामुळे त्यांचा सत्कारही होत नाही आणि त्यांची हळहळही कोणाला वाटत नाही.

तेव्हा मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. या वर्षी हॉलचे भाडे, शाली आणि ट्रॉफ्या यांचा खर्च एका कागदावर मांडा. त्यात दोन मुलांची वर्षाची फी किंवा एसटीचा पास बसतो का ते पाहा. बसत असेल तर तो जूनमध्येच द्या, दिवाळीनंतर देऊन उपयोग नाही. निवडीला बाहेरची दोन माणसे बसवा, त्यांत एखादी बाई असू द्या. आणि आपल्यातल्या एका रिकाम्या पेन्शनराला दाखल्यांच्या खेपांचे काम नेमून द्या. आम्हां पेन्शनरांकडे वेळ भरपूर आहे, आणि साहेबासमोर बसून राहण्याची चिकाटीही!