संमतीची वाट पाहणारे आज्ञापालन

देवाची आज्ञा अवश्य पाळावी. परंतु तत्पूर्वी मार्ग स्वच्छ दिसावा, घरच्यांची संमती मिळावी, वडीलधाऱ्यांचा होकार यावा, ही वृत्ती आपल्या कुटुंबांत शहाणपणाची मानली जाते. या शहाणपणाला आमचा विरोध आहे. इतक्या अटी पुऱ्या झाल्यावर जे उरते त्याला सोय म्हणावे. आज्ञापालन म्हणू नये.

फ्रान्झ यागरश्टेटर हा ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड गावचा शेतकरी. घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर जे सार्वमत झाले, त्यात गावातून त्याचे एकट्याचेच मत विरोधात पडले. पुढे हिटलरच्या अन्यायी युद्धात शस्त्र धरणे हे पाप आहे, अशी त्याची खात्री झाली. त्याने धर्मगुरूंचा सल्ला घेतला, लिंत्सच्या बिशपांची भेट घेतली. ‘बायकामुलांचा विचार कर’ हेच त्याला ऐकावे लागले. मार्च १९४३ मध्ये त्याने लढण्यास नकार दिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

यावर कोणी म्हणेल, ही तर हटवादी वृत्ती. उद्या जो तो आपल्या हेक्याला सदसद्विवेकबुद्धीचा आवाज म्हणेल! आक्षेप गंभीर आहे. परंतु हटवादी मनुष्य सल्ला विचारीत फिरत नाही. फ्रान्झने विचारला, ऐकला, प्रार्थनेत तोलला. शस्त्राविना रुग्णशुश्रूषा करण्याचीही तयारी दर्शविली. जेथे देवाची आज्ञा मोडल्याखेरीज पुढे जाता येईना, तेथेच तो थांबला.

आणि कुटुंब? त्याची किंमत फ्रान्झिस्काने आयुष्यभर मोजली, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही ती पतीच्या पाठीशी उभी राहिली. त्याच्या मरणाने युद्ध थांबले नाही. आपल्या बलिदानाचे फळ त्याने पाहिले नाही. गेथशेमनी बागेत प्रभू येशूने पित्याच्या इच्छेला होकार दिला, तेव्हाही दुःखाचा प्याला दूर झाला नव्हता.

पवित्र ख्रिस्तसभेने २००७ साली लिंत्स येथे फ्रान्झला धन्यवादित घोषित केले. संमती आली, पण ६४ वर्षांनी! तिची वाट पाहत तो बसला असता तर?

आपल्यापैकी फारच थोड्यांवर वधस्तंभ गाठण्याची वेळ येईल. परंतु लाच घेण्यास नकार देऊन नोकरी पणाला लावणारा पुत्र, हुंडा मागणारे स्थळ परतवून लावणारी कन्या कोणत्याही घरात निघू शकते. त्या दिवशी आपण त्यांना काय सांगणार? ‘संसाराचा विचार कर’ असे म्हणणाऱ्यांची उणीव तेव्हाही नसेल. उणीव भासेल ती फ्रान्झिस्काची.