वैशाखातल्या अंगणाला तुषारांचा उतारा

उन्हाळ्याचा विषय निघाला की बोलणं कूलर आणि एसीवर येऊन थांबतं. दोन्ही वस्तू खोलीसाठी आहेत. परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या पोखर्णीसारख्या गावात एप्रिल-मेची दुपार खोलीत निघत नाही. पत्र्याच्या घरात तर दुपारनंतर पाय ठेववत नाही. म्हातारी माणसं ओसरीवर नाहीतर लिंबाखाली बाज टाकतात, बायका अंगणाच्या सावलीत धान्य निवडायला बसतात, म्हशी गोठ्यात धापा टाकतात. पारा ४२-४३ च्या वर जाणं या जिल्ह्याला नवं नाही. थंडावा हवा तो माणसं-जनावरं प्रत्यक्ष बसतात तिथे. आणि बारीक तुषार उडवणारी फॉगरची लाइन हा त्यासाठी इथल्या खिशाला परवडणारा, इथल्या हवेला मानवणारा उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे.

हवेचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. एक लिटर पाणी हवेत पूर्ण उडून गेलं तर ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं; विजेच्या हिशेबात सुमारे दोन तृतीयांश युनिट. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने. पाणी किती उडेल हे मात्र हवा किती कोरडी आहे यावर ठरतं. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर अशा रीतीने हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत हीच मर्यादा साडेसत्तावीसच्या आसपास अडते, म्हणजे जेमतेम चार-पाच अंशांचा फायदा. उघड्या अंगणात पूर्ण वीस अंश कधीच मिळणार नाहीत. वारा गार हवा घेऊन जातो. पण पाच अंश उतरले तरी बाजेवरच्या म्हाताऱ्या जिवाला तो मोठा आधार आहे. नुसता पंखा अशा वेळी अंगावर गरम हवाच ओततो. मराठवाड्याचं कोरडं ऊन, जे एरवी आपल्या जिवावर उठतं, तेच या उपायाला बळ देतं. अराफातच्या मैदानात हज यात्रेकरूंवर खांबांवरून तुषार सोडतात, तेही तिथली हवा अशीच कोरडी असते म्हणून.

सामान परकं नाही. ठिबकच्या दुकानात मिळणारी नळी, शेडनेटमध्ये लावतात ते फॉगर किंवा पितळी नोझल, जाळीचा फिल्टर, बारा व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप, जुनी चालू बॅटरी आणि टायमर. सहा नोझलची लाइन दोन-तीन हजारांत बसावी. लाइन आठ फुटांवर, सावलीच्या कडेला आणि वारा येतो त्या बाजूने बांधायची, म्हणजे थेंब खाली येईतो बरेचसे उडून जातात. उन्हात लावली तर पैसे वाया गेले. मोह होईल तो घरातला चार्जिंगचा फवारणी पंप वापरण्याचा. उन्हाळ्यात तो रिकामाच पडलेला असतो. तो चुकूनही वापरू नये. कीटकनाशक-तणनाशकाचा अंश कितीही धुतला तरी टाकीत, नळीत राहू शकतो, आणि इथे ते पाणी श्वासावाटे आत जाणार आहे. पंप नवाच घ्यावा.

सगळ्यात रास्त आक्षेप पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या मराठवाड्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तिथे पाणी हवेत उडवायचं? हिशेब मांडू. ताशी चार लिटरचं एक नोझल धरलं, तर सहा नोझल सलग चालवून तासाला २४ लिटर लागतात. टायमरने मिनिटातले पंधरा सेकंदच चालू ठेवले तर सहा लिटर. बारा ते पाच या वेळात तीस लिटर, म्हणजे साधारण दोन घागरी. एवढ्यात घरातली माणसं आणि दावणीची दोन जनावरं यांची दुपार सुसह्य होते. म्हशीच्या काळ्या कातडीला ऊन जास्त लागतं, घामाच्या ग्रंथी कमी. उन्हाने दूध आटतं ते वेगळंच. तरीही जिथे टँकरवर पिण्याचं पाणी येतं, तिथे ही लाइन बंदच ठेवावी. त्यात तडजोड नाही.

दुसरा आक्षेप आजाराचा, आणि तोही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उन्हात तापलेल्या टाकीतल्या शिळ्या पाण्यात जंतू वाढतात आणि तुषारांतून फुफ्फुसात जातात. म्हणून पाणी पिण्याजोगं, रोज ताजं. नळीतलं कालचं पाणी आधी सोडून द्यायचं. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी क्षारांचं असतं, नोझलची तोंडं बुजतात. ती आठवड्याला लिंबाच्या रसात भिजवून धुवावीत. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की लाइन काढून ठेवावी; तेव्हा ती फक्त चिकचिक वाढवते. आणि ऊन लागून भोवळ आलेल्या माणसाला तुषारांखाली बसवून भागत नाही. अंग ओल्या कापडाने पुसत त्याला दवाखान्यात न्यावं लागतं.

हे प्रत्येकाने आपापल्या घरी चाचपडत का करावं? पोखर्णीच्या नृसिंहाची जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे ऐन उन्हात येते. त्या दिवसांत मंदिराच्या आवारात आणि बसथांब्यावर सावलीच्या मांडवाला अशी लाइन लावणं ग्रामपंचायतीला अवघड नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं आणि त्याच तारखेला तिथे खरीप शेतकरी मेळावा भरतो. विद्यापीठाने नोझलचं माप, दाब आणि पाण्याचा खर्च तपासून एका पानाचा नकाशा छापावा, आणि मेळाव्याच्या मांडवात तशी लाइन प्रत्यक्ष चालवून दाखवावी.