मुळाशी काय आहे?

द्राक्षबागेचे वैभव मांडवावर दिसते. तिचे आयुष्य मात्र मातीखालच्या खुंटावर ठरते. एकोणिसाव्या शतकात ‘फायलोक्सेरा’ ही मुळांवर जगणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि तेथील बागा वाळू लागल्या. १८६८ मध्ये कारण उमगले. अखेरीस बागा तारल्या त्या अमेरिकन जंगली वेलींच्या खुंटांनी. त्यांवर युरोपीय द्राक्षांची कलमे बांधली गेली.

ही कीड एकटी घात करीत नाही. तिने रस शोषल्यावर मुळावर गाठ येते आणि त्या जखमेतून जमिनीतील फ्युजेरियमसारख्या बुरशी आत शिरतात. मुळे कुजतात, पाणी मिळेनासे होते, वेल खंगते. कॅलिफोर्नियातील बागांच्या एका अभ्यासात (१९९९) किडीचे प्रमाण सारखेच असूनही सेंद्रिय बागांतील मुळे कमी कुजलेली आढळली. म्हणजेच खुंटाइतकेच मातीचे आरोग्यही मोलाचे.

याच कॅलिफोर्नियात ‘एएक्सआर-१’ हा खुंट मोठ्या प्रमाणावर लावला गेला. उत्पन्न चांगले, कलम सुलभ. परंतु त्याचे अर्धे कूळ युरोपीय द्राक्षाचे होते आणि युरोपात तो पूर्वीच अपयशी ठरला होता. तो इशारा दुर्लक्षिला गेला. १९८० च्या दशकात त्यावर पोसणारा किडीचा नवा प्रकार उघड झाला आणि हजारो एकर बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या.

महाराष्ट्रात खुंटाची गरज प्रामुख्याने क्षार व पाणीटंचाईमुळे भासली आणि ‘डॉगरिज’ सर्वत्र रुजला. कारण निराळे असले, तरी धडा तोच आहे : एकाच खुंटावर सारी भिस्त ठेवणे ही जोखीमच होय. ठेवीदाराला गुंतवणूक विभागण्याचा सल्ला देणाऱ्या बँकेला हे वेगळे सांगावयास नको.

द्राक्षबागेच्या कर्जप्रस्तावात मांडव, ठिबक आणि वाण यांची तपशीलवार नोंद असते. खुंट कोणता, तो कोणत्या रोपवाटिकेतून आला, माती व पाण्याची तपासणी झाली काय, हे प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारले जावेत. शेतकऱ्यावर कागदांचा भार वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. पण ऐन भरात बाग उपटण्याच्या भारापुढे तो नगण्यच. कर्जाची मुदत अनेक वर्षांची असते. मुळांची परीक्षाही तितकीच दूरदृष्टीची हवी.