ड्रायव्हरशी दहा दिरहमची घासाघीस, एटीएमला मात्र डोळे झाकून 'येस'



आपल्या बॅचमधला एक जण बेदाण्याचे नमुने घेऊन दुबईला जाऊन आला. द्वारका सर्कलच्या जवळच राहतो, काठे गल्लीच्या बाजूला. परत आल्यावर वही उघडून माझ्यासमोर बसला. तिकीट, व्हिसा, हॉटेल, सँपलचं पॅकिंग, सगळं चोख लिहिलेलं. आणि खाली एक ओळ, 'इतर खर्च', आठ हजारांच्या वर. विचारलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "सर, ते असंच. एटीएम, टॅक्सी, टिपा वगैरे."

तिकिटात पाचशे रुपये वाचावेत म्हणून हाच मुलगा तीन दिवस मोबाईल घेऊन बसला होता. आणि आठ हजार 'असंच'!

मग खोदून विचारलं. दोन दिवस त्याने ड्रायव्हरसकट गाडी घेतली होती. ड्रायव्हर त्याला देऱ्यातल्या अल रासला घेऊन गेला. मसाले, कडधान्य, सुकामेवा यांच्या घाऊक व्यापाऱ्यांचा तो जुना भाग आहे, बेदाणा विकायचा तर तिथे पाय ठेवावाच लागतो. गल्ल्या अरुंद, पार्किंगची बोंब. ड्रायव्हरने खोके उतरवले, उन्हात थांबला, वर सांगितलं की अमुक गल्लीत सुकामेव्यावाले आहेत, आधी तिकडे जा. संध्याकाळी आपल्या मुलाच्या खिशात सुटे नाहीत. द्वारकेला रिक्षावाल्यापासून वडापावपर्यंत स्कॅन करायची सवय, म्हणून विचारलं, "भाई, जीपे चलेगा?" ड्रायव्हर हसला, "कोई बात नहीं." दुसऱ्या दिवशी लाजेखातर याने शंभर दिरहमची नोट दिली. म्हणजे एक दिवस काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी मनात ठरवलं होतं त्याच्या अडीचपट.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपलं यूपीआय यूएईमध्ये काही दुकानांत चालतं, हे खरं आहे. पण ते तिथल्या व्यापाऱ्याच्या मशिनवर. ड्रायव्हरच्या खासगी खात्यात इथून टीप पाठवता येत नाही. टॅक्सीचं भाडं कार्डने देता येईल, टीप मात्र हातात द्यायची तर रोखच लागते. आणि रोख म्हटलं की आला एटीएम.

आता खरी गळती बघा. या मुलाने दिरहम भरलेलं फॉरेक्स कार्ड नेलं होतं. चांगलं केलं. पण "जास्त रोख जवळ नको" म्हणून चार वेळा ३०० दिरहम काढले. प्रत्येक वेळी स्क्रीनवर विचारलं गेलं, रक्कम भारतीय रुपयांत हवी का, आणि समोर रुपयांतला आकडा. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, कळल्यासारखं वाटतं. याने चारही वेळा 'येस' दाबलं.

अरे बाबा, कार्डात दिरहम, मशिनमध्ये दिरहम, मग मध्ये रुपया कशाला? तो 'येस' म्हणजे रूपांतर मशिनवाल्या बँकेच्या दराने करायला दिलेली परवानगी. तो दर ते स्वतःचा नफा धरूनच लावतात. आणि आपलं कार्ड दिरहमचं असल्यामुळे ते रुपये पुन्हा दिरहमात फिरवून वळते होतात, त्यावर कार्ड देणारी बँक क्रॉस करन्सीचा आकार वेगळा लावू शकते.

हिशोबाला सोपं म्हणून १ दिरहम म्हणजे २४ रुपये धरू. १,२०० दिरहम म्हणजे २८,८०० रुपये. मशिनचा दर समजा ५ टक्क्यांनी महाग, तर १,४४० रुपये गेले. कार्डाची फी प्रत्येक वेळेला समजा १५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७. एकदाच काढले असते तर १७७, चारदा काढले म्हणून ७०८. जास्तीचे ५३१. दोन्ही मिळून १,९७१ रुपये, म्हणजे ८२ दिरहम. त्या ड्रायव्हरला दोन्ही दिवस चाळीस-चाळीस दिरहम दिले असते, तरी दोन शिल्लक राहिले असते.

माझं मत स्पष्ट आहे. आपण माणसाशी घासाघीस करतो, मशिनशी करत नाही. ड्रायव्हरला दहा दिरहम जास्त गेले तर रात्रभर चुटपुट लागते आणि एटीएमने हजार रुपये खाल्ले तर पावतीही न बघता चुरगाळून टाकतो. हे उलटं व्हायला हवं.

काही जण म्हणतात, सर, त्याला पगार मिळतो ना, टीप कशाला? दुबईत टीप सक्तीची नाही, कबूल. पण घर सोडून, बरेचसे आपल्याच उपखंडातून आलेले हे लोक बारा-बारा तास गाडीवर असतात, आणि टॅक्सीवाल्यांपैकी अनेकांची कमाई कमिशनवर असते. परक्या गावात तुमच्या धंद्याचा पहिला मदतनीस तोच. साध्या टॅक्सीला भाडं वरच्या पाचाला नाही तर दहाला पूर्ण करा, बस झालं. दिवसभर सोबत असलेल्याला, सामान उचलणाऱ्याला मी तीस-चाळीस दिरहम धरतो. शंभर देऊन शेठपणा दाखवायची गरज नाही, कारण तो पैसा तुमच्या पहिल्या ऑर्डरच्या मार्जिनमधून जाणार आहे, आणि ऑर्डर अजून आलेली नाही.

देश बदलला की रीत बदलते. ग्वांगझूच्या कँटन फेअरला जाल, तर चीनमध्ये टॅक्सीला टीप द्यायची पद्धत नाही. तिथे रोखही फारशी लागत नाही. अलीपेला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, ते निघण्याआधी इथेच बसून जोडा. जपानमध्ये टीप दिली तर विसरलेले पैसे समजून परत करतील. अमेरिकेत उलट, भाड्याच्या १५ ते २० टक्के गृहीतच धरलेले असतात, न देणं वाईट दिसतं. थायलंडमध्ये वरचे सुटे सोडतात. पण तिथल्या एटीएमची फी लक्षात ठेवा. परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २२० बाट किंवा थोडी जास्तच. तिथे थोडे थोडे पैसे काढणं म्हणजे शुद्ध नुकसान.

आणि हो, टीप काम झाल्यावर, कामाबद्दल. काम करून घेण्यासाठी सरकारी माणसाच्या हातात नोट सरकवायची इथली सवय तिथे नेऊ नका. तिथे तो सरळ गुन्हा होतो.

मग निघण्याआधी करायचं काय? सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांची रोख इथूनच घ्या. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या मनी चेंजरकडून, पावती घेऊन, आणि लहान नोटा मागून घ्या. पाच, दहा, वीस दिरहमच्या. देतात, मागायला लाजू नका. विमानतळावरच्या काउंटरवर ठेवू नका ते काम, तिथला दर जवळपास नेहमीच महाग असतो. ५०,००० रुपयांपेक्षा जास्तीचं चलन घेताना पैसे बँकेतूनच द्यावे लागतात, त्यामुळे रोख घेऊन जाऊ नका. बहुतेक देशांसाठी एका फेरीत परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात, बाकी कार्डात. आपल्याला तेवढ्याही लागत नाहीत.

कार्ड चालू आहे का, तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकापासून नव्या कार्डावर परदेशी वापर मुळात बंदच येतो, तो ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचा. हे रात्री अकराला दुबईच्या विमानतळावर आठवलं तर पंचाईत. एटीएमवर एकदाच, गरजेइतकी मोठी रक्कम काढा, आणि चलन विचारलं की तिथलंच चलन निवडा, 'विदाउट कन्व्हर्जन'. साधं डेबिट कार्ड असेल तरी हाच नियम. त्यावर तुमची बँक रूपांतराचा आकार लावेलच, बऱ्याच बँकांचा तो ३.५ टक्क्यांपर्यंत असतो, वर जीएसटी. क्रेडिट कार्डाने रोख मात्र काढूच नका. फी वेगळी, आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

टिपेची पावती मिळत नाही, म्हणून ती वहीत येत नाही, आणि वहीत नाही म्हणून मालाच्या भावात येत नाही. रोज रात्री हॉटेलवर पाच मिनिटं काढा. तारीख, जागा, कशासाठी, किती. स्वतः व्हाउचर करून सही करा. सीएला नंतर काय मान्य होतं काय नाही ते तो बघेल, पण तुमचा खरा खर्च तुम्हाला तरी माहीत पाहिजे.

तो मुलगा पुन्हा निघालाय. पाकिटात मागच्या वेळचे उरलेले ३५ दिरहम जपून ठेवलेत. वहीत 'इतर खर्च' खोडून 'ड्रायव्हर' असं वेगळं पान केलंय. पानावरची पहिली ओळ दुबईची नाहीच. रात्री दीडला द्वारकेवरून निघून कसारा घाट उतरवून मुंबई विमानतळाला सोडणाऱ्या आपल्याच गाडीवाल्याची आहे, दोनशे रुपये.