चंचलपणाचे मूळ पोटात?

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावात एखादे मूल क्षणभर एका जागी बसत नसेल, वर्गात शेजाऱ्याच्या वह्या ओढत असेल, रात्री झोपेत दात खात असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांचे निदान ठरलेले असते: ‘पोटात जंत झाले असतील.’ वावडिंगाचे चूर्ण किंवा दवाखान्यातून आणलेली गोळी दिली जाते आणि विषय संपतो. या निदानाला शहरी सुशिक्षित वर्ग आजवर हसत आला. मात्र गेल्या काही वर्षांत त्याच वर्गात तोच विचार नव्या पोशाखात परतला आहे. आतड्यातील जीवाणूंचा समतोल ढळला, त्यातून शरीरात दाह निर्माण झाला, तो मेंदूपर्यंत पोहोचला आणि मूल अतिचंचल झाले, ही मांडणी आता प्रोबायोटिकच्या जाहिरातींतून सर्रास कानावर येते. जंतांची जागा जीवाणूंनी घेतली, एवढाच काय तो फरक.

ही मांडणी सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येत नाही. लक्षन्यूनता व अतिचंचलता विकार, अर्थात एडीएचडी, असलेल्या मुलांमध्ये दमा आणि त्वचेची अॅलर्जी यांचे प्रमाण इतरांहून अधिक आढळते. फिनलंडमधील तुर्कू येथे ७५ अर्भकांपैकी काहींना पहिले सहा महिने लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू देण्यात आले आणि सर्वांवर तेरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जीवाणू दिलेल्या ४० मुलांपैकी एकालाही एडीएचडी वा अॅस्पर्जर विकार झाला नव्हता. न दिलेल्या ३५ पैकी सहा जणांना झाला होता. आकडे लक्षवेधी खरेच. पण मुले मोजकी, दोन वेगळे विकार एकत्र मोजलेले, आणि मुख्य म्हणजे हा प्रयोग तान्ह्या बाळांवरचा. आठ वर्षांच्या अतिचंचल मुलाला महागडी पुडी दिल्याने तो शांत होईल, हे त्यातून सिद्ध होत नाही. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के मानला जातो, ही गोष्ट तर जाहिरातींत कधीच नसते.

आहारनियंत्रणाची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील १०० मुलांवरील अभ्यास २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्यातील ५० मुलांना पाच आठवडे भात, टर्कीचे मांस, थोड्या भाज्या, नासपती आणि पाणी अशा अगदी मोजक्या पदार्थांवर ठेवले गेले. त्यांपैकी ३२ मुलांच्या वागण्यात लक्षणीय सुधारणा दिसली. आपले मूल कोणत्या गटात आहे हे पालकांना ठाऊक होते, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वगळता येत नाही. याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: रक्तातील आयजीजी तपासून ‘कोणता पदार्थ मानवत नाही’ हे ओळखता येत नाही. तरीही नेमक्या याच चाचण्या शहरांतील प्रयोगशाळा हजारो रुपयांना विकतात. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था अशा मुलांना समतोल आहार व व्यायाम सुचवते. माशाच्या तेलातील मेदाम्लांच्या गोळ्या देऊ नका, असेही स्पष्ट बजावते.

पोटाशी संबंधित खरा सार्वजनिक प्रश्न वेगळाच आहे, आणि तो शाळेच्या फाटकाबाहेर उभा आहे. पिवळेधमक पोंगे, लालभडक गोळा, केशरी सरबत. साउदम्प्टन विद्यापीठाने २००७ मध्ये सुमारे ३०० सर्वसामान्य मुलांना सहा कृत्रिम रंग व सोडियम बेन्झोएट यांची मिश्रणे पाजून पाहिली. चंचलपणात सरासरी वाढ झाली. थोडी, पण मोजता येण्याजोगी. परिणामी जुलै २०१० पासून युरोपीय संघात हे रंग असलेल्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर व हालचालींवर विपरीत परिणाम संभवतो, असा इशारा छापणे बंधनकारक झाले. या सहापैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोंसो फोर-आर हे चार रंग भारतात ठरावीक मर्यादेत चालतात. असा इशारा मात्र छापावा लागत नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून शाळांतील खाद्यपदार्थांतून सहा रंग २०२७ अखेर हद्दपार करण्याचे ठरवले. आपल्याकडील २०२० चे नियम शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत मेद, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई करतात. रंगाचा त्यात विचार नाही. शिवाय सुट्या मालात कोणता रंग किती पडला, हे गोळेवाल्यालाही सांगता येणार नाही. ज्या तालुक्यात हळद पिकते तेथेच मुलांच्या हातातील पिवळा रंग कारखान्यातून यावा, हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा, तर द्यावा.

दुसरा प्रश्न रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली; चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. लोहाचा मेंदूतील डोपामिनच्या निर्मितीशी थेट संबंध आहे. पॅरिसमधील २००४ च्या एका छोट्या अभ्यासात ५३ अतिचंचल मुलांपैकी ८४ टक्क्यांच्या शरीरातील लोहसाठा अपुरा होता. लोहाची कमतरता हेच चंचलपणाचे कारण, असे यावरून म्हणता येणार नाही. पण कमतरता असलेल्या मुलाचे लक्ष लागत नाही, हे निश्चित. येथे घरातील म्हाताऱ्यांचे निदान काही अंशी तरी खरे ठरते, कारण आकडीकृमी रक्तच शोषतात. फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती घ्यावीच. मात्र सरसकट जंतनाशकाने अभ्यासात प्रगती होते, असे मोठ्या आढाव्यांत दिसून आलेले नाही.

मग खरोखर एडीएचडी असलेल्या उमरखेडच्या मुलाने जायचे कोठे? कागदावर वाट आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या व्याधींची तपासणी अपेक्षित आहे, त्यांत एडीएचडीचे नाव आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा येते. इतक्या थोड्या वेळात हृदयाची कुरकुर ऐकू येते, दात दिसतात, डोळे तपासता येतात. चंचलपणा मात्र शिक्षक व पालकांशी सविस्तर बोलल्याखेरीज कळत नाही. संशय आलाच, तर पुढची पायरी जिल्ह्याच्या ठिकाणी. यवतमाळ शंभर किलोमीटरहून दूर. म्हणून पैनगंगा ओलांडून नांदेड गाठणेच अनेकांना सोयीचे. पण जिल्हा बदलला की पाठपुराव्याची साखळी तुटते. औषधांतील प्रमुख मिथाइलफेनिडेट मनोप्रभावी पदार्थांच्या नियंत्रित यादीत आहे, म्हणून प्रत्येक दुकानात ते मिळेल याची खात्री नाही. पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण देणे हा लहान मुलांसाठीचा पहिला उपचार. ते देणारी माणसे तालुक्यात शोधावी लागतात.

ही पोकळीच पोटाच्या उपायांना गिऱ्हाईक मिळवून देते. पुडी घरपोच येते, तज्ज्ञ येत नाहीत. आणि पुडी घेण्यात एक दिलासाही असतो: दोष आतड्याचा ठरला, की मुलाचा वा आईच्या वळणाचा उरत नाही. ‘आईने लाडावून ठेवलंय’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकलेल्या स्त्रीला तो दिलासा नको का वाटावा?

दरम्यान वर्गातील शिक्षकाच्या लेखी असे मूल ‘व्रात्य’च राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.