दोन जिवांच्या बाईचें मन

घरांत सून दोन जिवांची झाली म्हणजे सर्वांस आनंद होतो. सातव्या महिन्यांत ओटी भरितात, डोहाळेजेवण करितात, काय खावेंसें वाटतें तें विचारितात. पण तिच्या मनांत काय चाललें आहे, हें कोणी विचारितो काय?

तिला बाळंतपणाचें भय असतें. उगीच रडूं येतें, झोंप लागत नाहीं, कामांत चित्त राहत नाहीं. हे नखरे नव्हेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, जगांत १०० गर्भार स्त्रियांपैकीं सुमारें १० जणींस मनाचा आजार जडतो. गरीब व विकसनशील देशांत ही संख्या १५ च्या वर जाते.

अशा जिवावर आपण आणखी भयाचें ओझें घालितों. ग्रहण लागलें कीं तिला कोंडून बसवितात. विळी धरूं नको, पाणी पिऊं नको, नाहीं तर पोराचा ओठ फाटेल! अहो, ग्रहण म्हणजे चंद्राची किंवा पृथ्वीची सावली. ती सावली पोटांतल्या गर्भाचा ओठ कशी फाडणार? उपाशी, तहानलेल्या बाईस घेरी मात्र येईल. आणि पुढें कांहीं व्यंग निघालें, तर दोष जन्मभर तिच्याच माथीं!

दुसरें ओझें ‘मुलगाच हवा’ हें. मुलगा कीं मुलगी, हें बापाच्या बीजावर ठरतें. मग मुलगी झाली म्हणून सुनेस टोंचून बोलणें हा कोठला न्याय? शांत करणारा भटजी व अंगारा देणारा भगत, दोघेही पैसा घेऊन जातात आणि भय घरांत ठेवून जातात. तोच पैसा तिच्या दुधाडाळीस लावावा.

नवऱ्यानें जड घागर स्वतः उचलावी, दवाखान्यांत तिच्यासोबत जावें. सासूनें आपलें पहिलें बाळंतपण आठवून तिचें बोलणें ऐकावें. उदासी दोन आठवडे हटली नाहीं, तर आशाताईस वा डॉक्टरास सांगावें. जीव नकोसा झाला असें ती बोलली, तर एक दिवसही थांबूं नये.

धीर कसा द्यावा, याचा कित्ता आपल्यापुढें आहे. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें आणि समाजानें टाकलेल्या गर्भार विधवांस आसरा दिला. त्यांनीं परक्या लेकींस धीर दिला. आपण आपल्याच सुनेस देऊं नये काय?