दावत कुणाची, खर्च कुणाचा?

हबीब फैसल यांचा 'दावत-ए-इश्क' २०१४ साली आला, तेव्हा मलाही बरे वाटले होते. पडद्यावरचा मुसलमान एकदाचा गुंड नाही, नवाबही नाही! हैदराबादचा प्रामाणिक कोर्ट-कारकून, बुटांच्या दुकानात नोकरी करणारी त्याची हुशार मुलगी गुल्लू, लखनौचा कबाबवाला तारिक. सगळी ओळखीची माणसे. पण कथा काय? जहेजच्या मागण्यांना विटलेली गुल्लू खोट्या नावाने निकाह लावून, कलम ४९८-अ ची भीती घालून पैसे उकळायचा बेत करते. आपण हसतो. जळालेल्या सुनांसाठी बायकांनी मोर्चे काढले, तेव्हा कुठे १९८३ मध्ये हे कलम आले. इथे ते लबाडीचे हत्यार, आणि लबाड कोण, तर कारकुनाची मुलगी! मागणारे पैसेवाले शेवटी व्याही होऊन गोड होतात.

आमच्या उर्दू शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलींचे वडील चार-पाच वर्षांनी भेटतात ते फ्रीज, मोटारसायकल आणि कर्जाचा हिशेब सांगत. मेहर हा मुलीचा हक्क. तो निकाहनाम्यात किरकोळ, शिवाय उधार. जहेज मात्र रोख. काझीसाहेब खुत्बा पढत असतात आणि बाहेर टेम्पोत कपाट चढत असते. या टेम्पोवर विनोदी सिनेमा काढा की!